जड पाऊल, हलकं पाऊल

शिरूर अनंतपाळ
२० ऑगस्ट २०२५

प्रिय तनू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच खणात टाकशील, म्हणून पत्ता शाळेतल्या श्रीमंत गुरुजींकडून लिहून घेतला. फोडलंस ना? आता वाच. घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस, माझा फोन वाजून वाजून गप्प होतो, मग पोस्टाशिवाय मला दुसरा मार्ग तरी कुठला ठेवलास? शिवाय हे काम मोबाईलवर होण्यासारखं नाहीच. शब्दांवर लहानमोठे ठिपके काढायचे आहेत आणि ते हातानंच निघतात.

काम शाळेचं आहे. यंदा आपल्या प्रशालेत सातवीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलंय. डिसेंबरात तालुक्याची इंग्रजी वाचनाची स्पर्धा आहे, त्यात निवड झाली की पुढं लातूर. पोरं वाचतात धडाधड, पण मालगाडीसारखं, प्रत्येक डबा सारखाच वाजतो. जोडशब्द आला की घोटाळा. ब्लॅकबोर्ड, प्लेग्राउंड, सनफ्लॉवर, ग्राउंडनट, अर्थक्वेक. (शेवटचा आपल्याकडं शेंबड्या पोरालाही येतो, तो सोड.) या शब्दांचे तुकडे कसे पाडायचे आणि जोर कुठल्या तुकड्यावर द्यायचा, हे मला कळत नाही. तू नांदेडच्या कॉलेजात हेच शिकवतेस. मी खाली शब्द लिहिलेत. जड तुकड्यावर मोठा ठिपका काढ, हलक्यावर बारीक. हा प्रश्न मला पडलाय हं, दुसऱ्या कुणाला नाही.

निरोप समारंभाचा विषय मी काढणार नाही. असं ठरवून बसले होते आणि काढतेच आहे, माझी जीभ तुला माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू आठवीत होतीस, वेणी माझ्याकडून घालून घ्यायचीस. तेव्हा मला तुझ्याशी पाहुण्यासारखं बोलता येणार नाही. त्या समारंभाला सहा वर्षं झाली. हेडमास्तर किशनराव, म्हणजे आपले अप्पा, रिटायर होतायत, अख्खं गाव मंडपात, आणि अप्पांनी शेवटचे चार शब्द इंग्रजीत म्हटले. ब्लॅक-बोर्ड म्हणताना त्यांनी सगळा जोर बोर्डवर टाकला, प्ले-ग्राउंड म्हणताना ग्राउंडवर. मग माइक तुझ्या हातात आला. तू नुकतीच एमए झालेली. बोट वर करून अप्पांची हुबेहूब नक्कल केलीस आणि खरं कसं म्हणायचं तेही सांगितलंस. मंडप हसला. मीही हसले, कशाला खोटं बोलू. अप्पांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. घरी आल्यावर तुझा दादा तुला काय बोलला ते मी लिहीत नाही. तू दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलीस ती गेलीसच.

अप्पा ठीक आहेत. सोयाबीन बरं आहे. ठिपके पाठव.

तुझी वहिनी,
सिंधु


शिरूर अनंतपाळ
९ सप्टेंबर २०२५

प्रिय तनू,

तुझा कागद मिळाला. कागदच म्हणते, त्याला पत्र म्हणवत नाही. वर ‘प्रिय वहिनी’ नाही, खाली नाव नाही. परीक्षेचा पेपर तपासून पाठवावा तसे लाल ठिपके. पण ठिपके काय सुरेख काढलेस गं. ‘सन’वर मोठा, मग ‘फ्लॉ’ आणि ‘वर’वर बारीक. आणि खाली ती एकच ओळ, की मुलांना आफ्टरनूनही शिकवा, तो उलटा आहे, त्यात शेवटचा नून जड. आमच्या वर्गात रोज दुपारी सगळे उभे राहून मला गुड आफ्टरनून म्हणतात आणि रोज चुकीचं म्हणतात, हे मला आत्ता कळलं.

आता गंमत ऐक. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, म्हणून श्रीमंत गुरुजींनी लेझीमची तालीम धरली आणि माझे इंग्रजीचे तास एकामागून एक गिळले. मी भांडले. ते म्हणाले, “बाई, मग तुम्हीच या की ग्राउंडावर.” गेले. पोरं हलगीवर पाऊल टाकत होती आणि माझ्या डोक्यात तुझे ठिपके. मी म्हटलं, मोठा ठिपका आला की पाऊल दाबून टाका आणि लेझीम जोरात ओढा, बारीक ठिपका आला की नुसती हलवा. सन-फ्लॉ-वर. ग्राउंड-नट. बटर-मिल्कला बट जड, टर आणि मिल्क हलके. तनू, जे महिनाभर घसा फोडून जमलं नव्हतं ते त्या एका तालमीत पोरांच्या पायात शिरलं. आफ्टरनूनला तर इतकी मजा आली त्यांना, दोन पावलं अल्लद आणि तिसरं धाडकन. गुरुजी आता म्हणतात की ही आयडिया त्यांचीच होती. असू दे.

लुंबिनी नावाची एक पोरगी आहे, वर्गात सगळ्यात चुणचुणीत. ती विचारते, “बाई, आपला फळा हिरवा हाय, मग त्याला ब्लॅकबोर्ड कामून म्हणायचं?” याचं उत्तर लिही.

आणि आता ते सांगते जे तू बहुतेक ओळखलं आहेस. प्रश्न माझे नाहीत, अप्पांचे आहेत. रिटायर झाल्यापासून अप्पांनी शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. झेंडावंदनसुद्धा घरच्या अंगणात उभं राहून ऐकायचे. जुलैत मी डबा विसरले म्हणून तो द्यायला आले, तर ही लुंबिनी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलेली. तिनं विचारलं, “आजोबा, हे कसं म्हणायचं?” अप्पांनी पुस्तकात पाहिलं आणि म्हणाले, “मला येत नाही बाळा, बाईंना विचार.” मी दारात उभी होते. ज्या माणसानं उभा जन्म इंग्रजी शिकवलं तो ‘मला येत नाही’ म्हणाला. संध्याकाळी मात्र चहा घेताना तेच हळूच म्हणाले, “सिंधु, तनुजाला विचारता येईल का? माझं नाव नको घेऊ.”

तर मी नाव घेतलंय. रोज संध्याकाळी तुझे ठिपके ते चष्मा पुसून पुसून बघतात. तुझ्या दादाला यातलं काही माहीत नाही आणि तूर्त कळूही द्यायचं नाही, कारण कळलं तर घरात आभाळ कोसळेल.

तुझी,
सिंधुवहिनी


शिरूर अनंतपाळ
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय तनू,

तुझ्या दादाला कळलं.

तुझं उत्तर सोळा तारखेला आलं. ब्लॅकवर जोर दिला की तो रंग राहत नाही, वस्तूचं नाव होतं, मग फळा हिरवा असो की पांढरा. आणि बोर्डवर जोर दिला तर नुसता काळ्या रंगाचा एखादा फलक. वाचून मला पटलं, लुंबिनीलाही पटलं. आणि दुसऱ्या दिवशी अप्पांनी टोपी घातली आणि ते झेंडावंदनाला आले. सहा वर्षांनी. लोकांनी खुर्ची दिली. पोरांनी लेझीम सुरू केलं, तोंडानं इंग्रजी शब्द, पायानं जड-हलकं. गाव नुसतं बघत राहिलं. अप्पांची टाच खुर्चीखाली जमिनीवर पडत होती, बरोबर जागेवर. ते गर्दीतून तुझ्या दादानं पाहिलं. मग गुरुजींनी माइकवर जाहीर करून टाकलं, की ही सगळी कृपा नांदेडच्या तनुजाताईंची. गुरुजींच्या तोंडात तीळ भिजत नाही.

रात्रीचं जेवण होऊच शकलं नाही नीट. दादा म्हणाला, “तिनं अख्ख्या गावात तुमची इज्जत काढली, आन तुम्ही तिच्याकडून चिठ्ठ्या मागवून राहिलाव?” मी मधे पडले तर मला म्हणाला, “तू गप. घरात बसून चोरून कारभार करून राहिलीस.” मी भाकरी थापत होते, तशीच ठेवली. म्हटलं, हो, केला कारभार, काय म्हणणं आहे? तो उठायला लागला. तेव्हा अप्पा म्हणाले, “भागवत, खाली बस.” हेडमास्तरांचा आवाज होता तो. तुझा दादा खाली बसला.

मग अप्पा जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहे.

“तिनं माझी इज्जत नाही काढली. ती बोलली ते खरं होतं. मंडप हसत होता, पण माझं तिकडं ध्यान नव्हतं. मी समोर बसलेली माणसं बघत होतो. सगळी माझ्याच हाताखालून गेलेली. मनात आलं, एवढ्या पोरांना मी चुकीचं शिकवून बसलो. आम्ही इंग्रजी डोळ्यानं शिकलो, भागवत. पुस्तकात छापलेलं दिसायचं, कानावर कधी पडायचंच नाही. मला कुणी सांगितलंच नाही, आणि ज्या दिवशी पोरीनं सांगितलं त्या दिवशी माझी नोकरी संपली. आता दुरुस्त कुठं करू? म्हणून गप होतो.”

दादा म्हणाला, “मग सहा वर्षं बोललाव का न्हाई? मी तिला घराबाहेर काढलं, आन तुम्ही बघत बसलाव?”

अप्पा म्हणाले, “तू माझ्या बाजूनं भांडत होतास. तुला कोणत्या तोंडानं सांगू, की बाजू मुळात माझी नव्हतीच. मला लाज वाटायची. तिची नव्हे, माझीच.”

तनू, मी चुलीपाशी उभी राहून रडले. राग पण आला. एका शब्दानं सुटणारी गाठ होती आणि तिघांनी तीन टोकं धरून ती आवळत नेली. तू समजत होतीस अप्पा रागावलेत. दादा समजत होता अप्पांचा अपमान झालाय. आणि अप्पा मास्तर माणूस, स्वतःला शिक्षा करत बसलेले. तुझा दादा जेवला नाही. गोठ्यात जाऊन बैलांना चारा टाकत बसला, तो संध्याकाळीच टाकलेला होता.

तुला एवढंच सांगायचं आहे की अप्पा तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. हे दोनदा वाच.

तुझी,
सिंधुवहिनी


शिरूर अनंतपाळ
१२ डिसेंबर २०२५

प्रिय तनू,

तुझं ते पत्र, चांगलं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, मी अप्पांना वाचून दाखवलं नाही. त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर गेले. परत आले तर ते सदऱ्याच्या खिशात होतं आणि अजूनही तिथंच असतं, धुण्याच्या वेळी मागून घ्यावं लागतं. त्यांनी विचारलेल्या शब्दाचं उत्तर वाचून मात्र मोठ्यानं हसले. ‘हेडमास्टर’ इंग्लंडचे लोक मास्टरवर जोर देऊन म्हणतात, अमेरिकेचे हेडवर, म्हणजे दोन्ही चालतं, असं तू लिहिलंस ना? अप्पा म्हणाले, “म्हणजे निदान स्वतःचं पद तरी मी बरोबर म्हणत होतो.” मग आल्या-गेल्याला तेच सांगत सुटले.

दिवाळीला आली नाहीस. कॉलेजचं काम होतं म्हणालीस, मी मान्य केलं. भाऊबीजेला दादानं ओवाळून घेतलं नाही, चुलत बहीण ताट घेऊन आली होती तरी. मला म्हणाला, “तिला बोलावलं तर येईल का गं?” मी म्हटलं, बोलावणाऱ्यानं बोलवावं. तो काय बोलावतोय. माणूस सरळ आहे, पण चूक झाली म्हणायला त्याला दहा एकर नांगरल्याएवढे कष्ट पडतात.

आता संकट सांगते. परवा तालुक्याची स्पर्धा झाली. लाकडी स्टेज, माइक, समोर तीन परीक्षक. लुंबिनी पहिली उभी राहिली. ‘द फार्मर वेंट टू द मार्केटप्लेस’ असं वाक्य, तिनं मार्केटच्या ‘मार्’वर धाडकन पाऊल आपटलं. माइकचा दांडा हलला. ‘सनफ्लॉवर’, धाडकन. ‘बटरमिल्क’, धाडकन. परीक्षक बाईंनी पाण्याचा ग्लास हातात धरून ठेवला. मागून आमचे बाकीचे चौघं, ते तर बसल्या जागेवर पाय आपटायला लागले. जोर सगळा बरोबर जागेवर, तनू, एक शब्द चुकला नाही. पण पाय हलल्याशिवाय यांच्या तोंडातून शब्दच निघत नाही. मी खालून खुणा करतेय, पाय नको, पाय नको, तर लुंबिनी पाय आवरून उभी राहिली आणि सगळे शब्द पुन्हा मालगाडी झाले. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा पाऊल आपटून शेवटपर्यंत वाचून काढलं.

निवड झाली. परीक्षक म्हणाल्या की असे उच्चार तालुक्यात कुठल्याच शाळेचे नाहीत, पण लातूरला हा धिंगाणा चालणार नाही. गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. आता ती आयडिया पुन्हा माझी आहे.

पायातला जोर गळ्यात कसा आणायचा? मी पायाला हात लावून बसवलं, खुर्चीवर मांडी घालून बसवलं, तरी नाही जमत. अप्पा म्हणतात, “हे ठिपक्यांनी व्हायचं काम नाही. याला शिकवणारं माणूस समोर उभं राहायला पाहिजे.” मी म्हटलं, मग लिहा तिला. ते म्हणाले, “माझ्यासाठी नको. पोरांसाठी येत असेल तर बघ.” मी दोन्हीसाठी बोलावते आहे. लातूरची फेरी जानेवारीच्या शेवटी आहे.

तुझी,
सिंधुवहिनी


शिरूर अनंतपाळ
२ जानेवारी २०२६

प्रिय तनू,

‘येते’ एवढा एकच शब्द लिहायला तुला तीन आठवडे लागले, तरी माफ. पण त्याच्याखाली जे लिहिलंस त्याचं उत्तर आधी देते. “त्याच शाळेत, त्याच लोकांसमोर मी कोणत्या तोंडानं उभी राहू?”

हे मी अप्पांना सांगायला नको होतं. सांगितलं. आणि त्यांनी काय करून ठेवलं ते बघ. माझ्याशी न बोलता, सायकल काढून, गावभर फिरून आले. रामलिंगच्या खताच्या दुकानात गेले, अंगणवाडीत जगदेवीकडं गेले, पार वस्तीवरच्या माणसांपर्यंत गेले. सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. प्रत्येकाला सांगून आले, की अकरा तारखेच्या रविवारी दहा वाजता शाळेत या, माझ्याकडून तुम्हाला शिकवायचं राहिलंय ते तनुजा शिकवणार आहे. आपापली पोरंही आणा.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अप्पा, ती पाच पोरांसाठी येतेय, तुम्ही जत्रा भरवली. ते म्हणाले, “पाचांचे पाय सुटायचेत, बाकीच्यांची जीभ. एकाच तासात दोन्ही होईल.”

लोक येतील की नाही याची मला शंका होती. परवा जगदेवी पाण्याला भेटली. मी विचारलं, तर म्हणाली, “येऊ की. सर स्वतः दारात आले.” मग घागर खाली ठेवून म्हणाली, “त्या दिवशी आमी लई हसलो बघ. आमाला काय कळत व्हतं? लेक बापाच्या पुढं गेली म्हणून बरं वाटलं, म्हणून हसलो.” तिनं तुला हे सांगायला सांगितलं नाही, पण मी सांगते. सहा वर्षं तू त्या हसण्याला भीत बसलीस आणि हसणाऱ्यांच्या मनात हे होतं.

आता तुझा दादा. काल जेवताना अचानक म्हणाला, “मी पण सरांच्याच हाताखाली शिकलो. मला यावं लागंल का?” अप्पा म्हणाले, “तू तर दहावीला दोनदा बसलास, तुला आधी.” मी हसले, अप्पा हसले, आणि तुझा दादासुद्धा मिशीत हसला. हात धुताना माझ्याकडं न बघता म्हणाला, “तिला लिही, चाकूरला उतर म्हणावं. मी गाडी घेऊन येतो. आधीच्या दिवशी ये म्हणावं, घरी राहायला.” मग पुन्हा आत येऊन म्हणाला, “मीच बोललो म्हणून लिही.” तर लिहिलं. त्याच्या हिशेबानं दहा एकर नांगरून झाले.

तेव्हा दहा तारखेला नांदेडहून लातूरची कुठलीही गाडी धर आणि चाकूरला उतर. थंडी आहे, स्वेटर आण. पोरांना तू येणार हे सांगितलंय आणि लुंबिनीनं तुझ्यासाठी प्रश्न गोळा करून ठेवलेत, त्यातले निम्मे मला येत नाहीत.

पाकीट चिकटवायला घेतलं तर अप्पांनी पत्र मागितलं. खाली त्यांचं अक्षर आहे. मी वाचलेलं नाही, म्हणजे वाचलंय.

तुझी,
सिंधुवहिनी

चि. तनुजास अनेक आशीर्वाद. रविवारी मी पहिल्या बाकावर बसणार आहे. तू मला उभं करून शब्द वाचायला लाव, सर्वांच्या आधी मला. बाप म्हणून सोडू नकोस. मी चुकलो तर तिथेच थांबव, आणि सगळ्यांच्या समोर थांबव.

— अप्पा